हिरवी तुतारी की ठिपकेवाली तुतारी?

थंडी पडते, कोल्हापूरच्या कळंबा तलावाचं पाणी काठापासून मागं सरतं, आणि उघड्या पडलेल्या चिखलावर तपकिरी पाठीच्या, पांढऱ्या पोटाच्या तुताऱ्या, म्हणजे चिखलात चरणारे छोटे पक्षी, फिरू लागतात. त्यांतल्या हिरवी आणि ठिपकेवाली या दोघींची नावं पक्षीनिरीक्षकांच्या वहीत सर्रास उलटीपालटी होतात. निम्मा दोष नावांचाच. हिरवीत हिरवं म्हणावं असं काही नाही, फार तर पायांना काळपट हिरवी झाक. आणि ठिपके दोघींनाही असतात.

आकारावर जाऊ नका. हिरवी 21 ते 24 सेंटिमीटर, ठिपकेवाली 19 ते 21. तलावाच्या काठावरून हा फरक दिसत नाही.

बसलेल्या पक्ष्याची आधी भुवई बघा. ठिपकेवालीची पांढरी भुवई डोळ्यावरून पार मागं जाते. हिरवीची चोचीपासून निघून डोळ्यापाशीच संपते. मग छाती: हिरवीची गर्द छाती पांढऱ्या पोटाशी एकदम तुटते, ठिपकेवालीची करडी छाती पोटाकडं विरत जाते. हिरवीच्या पाठीवरचे ठिपके इतके बारीक की लांबून पाठ काळीच वाटते. ठिपकेवालीचे फिकट ठिपके ठसठशीत, पाय लांब आणि पिवळसर, म्हणून ती शिडशिडीत दिसते.

घोळ होतो तो पाठीवर आणि पायांवर भिस्त ठेवल्यानं. ऊन समोरून असलं की कुठलीही पाठ काळी दिसते. सकाळी सूर्य पाठीशी येईल असा काठ धरा. पाय चिखलानं माखले की रंग गेलाच. शिवाय हे ठिपके पिसांच्या कडांवर असतात आणि कडाच आधी झिजतात. मार्चमधली ठिपकेवाली म्हणूनच कधीकधी हिरवीसारखी साधी दिसते.

उडाली की मात्र वाद मिटतो. हिरवीच्या पंखांचं अस्तर (खालची बाजू) काळपट, ठिपकेवालीचं फिकट. कंबर, म्हणजे शेपटीच्या वरचा पाठीचा भाग, दोघींची पांढरी, पण हिरवीची काळ्या पंखांमध्ये झळकते आणि शेपटीवर तीन-चार रुंद काळे पट्टे असतात. ठिपकेवालीचे पट्टे बारीक, आणि पाय शेपटीमागं स्पष्ट बाहेर येतात. आवाज तर डोळे मिटूनही ओळखावा: हिरवी ‘ट्लुई-विट-विट’ असं सुरेल, ठिपकेवाली ‘चिफ्-इफ्-इफ्’ असं कोरडं ओरडते.

जागेचाही उपयोग होतो, पुरावा म्हणून नव्हे, अंदाजासाठी. उसाच्या पाटातून किंवा ओढ्याच्या वळणावरून एकटीच भुर्रकन वर गेली तर बहुधा हिरवी. (उत्तरेकडच्या जंगलात ही घरटं झाडावर करते, तेही बऱ्याचदा कस्तुर पक्ष्यांच्या जुन्या घरट्यात!) पसरट चिखलात, ओल्या भातखाचरात चार-पाच जणी विखरून चरत असतील तर ठिपकेवाल्या असण्याची शक्यता जास्त.

रंकाळ्याच्या दगडी काठावर दिसते ती बऱ्याचदा तिसरीच, सामान्य तुतारी. ती बूड सारखं वरखाली हलवते, छाती आणि पंखाच्या मधून पांढरी पाचर वर चढते, आणि उडताना कंबर पांढरी दिसत नाही.

पक्षी उडावा म्हणून खडा मारू नका. दहा मिनिटं थांबलात तर एखादी घार डोक्यावरून जाते आणि सगळ्या आपसूक उठतात. नाहीच उठल्या, तर वहीत नुसतं ‘तुतारी’ लिहा.