एक स्वल्पविराम जास्त, आणि सगळं ठप्प

लिनक्सवर 'एलएसएचडब्ल्यू' नावाची जुनी कमांड आहे. ती चालवली की प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क कार्ड अशी यंत्राच्या अंतर्भागाची यादी पडद्यावर येते. शेकडो सर्व्हर सांभाळायचे तर ही यादी दुसऱ्या प्रोग्रॅमला वाचता आली पाहिजे, म्हणून ती जेसन स्वरूपातही, म्हणजे कंस, स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हांनी माहिती मांडण्याच्या ठरलेल्या पद्धतीतही, मागता येते. पंचाईत अशी, की बरीच वर्षं ही सोय कच्चीच होती. फक्त नेटवर्क कार्डं मागितली आणि यंत्रात दोन निघाली, तर दोन नोंदी एकामागोमाग छापल्या जात. त्यांना एका यादीत बांधणारे चौकटी कंसच नसत.

माणूस अशी चूक सहज पोटात घालतो. हा मजकूर वाचून त्याचे भाग उलगडणारा प्रोग्रॅम, म्हणजे पार्सर, मात्र तिथेच थांबतो, आणि बाकीच्या बिनचूक ओळीही वाया जातात.

हे होतं कसं? असे प्रोग्रॅम बहुतेक सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेले असतात आणि माहिती सापडेल तशी छापत जातात. नोंद छापून झाली की स्वल्पविराम द्यायचा का? पुढे आणखी नोंद आहे की नाही, हे त्या क्षणी माहीतच नसतं. शेवटच्या नोंदीनंतरचा स्वल्पविराम जेसनला चालत नाही. यावरचा उपाय मला फार आवडतो: स्वल्पविराम नोंदीनंतर न देता नोंदीच्या आधी द्यायचा, फक्त पहिली वगळायची. नेटवर्कची माहिती दाखवणारी 'आयपी' ही कमांड ज्या संचात येते, त्यातला जेसन लिहिणारा छोटा भाग हेच करतो. मग शून्य, एक, दोन, कितीही नोंदी असोत.

कंस आणि स्वल्पविराम तरी डोळ्यांना दिसतात. खरा छळ आतल्या मजकुराचा. डिस्कच्या नावात इंचाचं दुहेरी अवतरणचिन्ह असलं आणि त्याआधी उलटी तिरकी रेघ दिली नाही, तर पार्सरला वाटतं मजकूर संपला. लिनक्समध्ये फाइलच्या नावात तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं. उलट 2017 चं जेसनचं प्रमाणक, आरएफसी 8259, प्रणालींमधल्या देवाणघेवाणीसाठी यूटीएफ-8, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची एक ठरलेली पद्धत, सक्तीचं करतं; त्यात न बसणारी फाइलची नावं तिथे अडतात. आकडेही सुटत नाहीत. जर्मन पद्धतीच्या सेटिंगमध्ये साडेतीन हा आकडा 3,5 असा छापला जाऊ शकतो, आणि जेसनला तो स्वल्पविराम दोन गोष्टींमधला वाटतो. शून्याला शून्याने भागून येणाऱ्या 'नॅन'ला, म्हणजे 'हा आकडाच नाही' या खुणेला, तर जेसनमध्ये जागाच नाही.

एलएसएचडब्ल्यूमधला दोष पुढे दुरुस्त झाला. उत्तर नेहमी चौकटी कंसांत येऊ लागलं. पण तोवर सगळ्या यंत्राची माहिती मागितली की एकच वस्तू (महिरपी कंसांतली एक नोंद) मिळते, असं धरून लोकांनी प्रोग्रॅम लिहिले होते. तिथे आता यादी आली आणि ते अडखळले. म्हणून सर्व्हरची नोंद ठेवणाऱ्या 'नेटबॉक्स एजंट'ने आधी तपासायला सुरुवात केली: यादी आली असेल तर तिच्यातली पहिली वस्तू घ्यायची, नाहीतर जे आलं तेच वापरायचं.