वर्कफ्लोतल्या डिपेन्डन्सी: टॅगकडून हॅशकडे

गायत्रीनगरचा आयटी पार्क असो की मिहान, नागपुरात आज प्रोजेक्ट उघडला की लॉकफाइल दिसतेच, म्हणजे डिपेन्डन्सींची (वापरलेल्या बाहेरच्या पॅकेजेसची) नेमकी व्हर्जन गोठवणारी फाइल. बिल्ड चालवणाऱ्या वर्कफ्लोला (कोड आपोआप बांधून तपासणाऱ्या पायऱ्यांच्या फाइलला) मात्र तसं कुलूप क्वचितच असतं. आणि रजिस्ट्रीच्या टोकनपासून सर्व्हरच्या पासवर्डपर्यंत साऱ्या चाव्या त्याच्याच हाती असतात!

मार्च 2016 मध्ये लेफ्ट-पॅड हे मोजक्या ओळींचं पॅकेज एनपीएम या जावास्क्रिप्टच्या रजिस्ट्रीवरून निघालं आणि असंख्य बिल्ड बसले. पुढच्या वर्षी एनपीएम 5 पासून लॉकफाइल आपोआप बनू लागली. गोठवलेलं व्हर्जन जुनं होतंच, म्हणून 2017 मध्येच डिपेन्डाबॉट आणि रिनोव्हेट हे बॉट आले. नवं व्हर्जन दिसलं की पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव, उघडणारे. 2019 मध्ये गिटहबने डिपेन्डाबॉट घेतला, वर्कफ्लो चालवणारी ‘ॲक्शन्स’ सेवाही सर्वांना खुली केली. 2020 पासून डिपेन्डाबॉट वर्कफ्लोही तपासतो.

सवय तरी टॅगचीच राहिली. वर्कफ्लोत वापरलेल्या ॲक्शनच्या (तयार पायरीच्या) नावापुढे ‘व्ही4’ असा टॅग लिहायचा आणि मोकळं व्हायचं. पण टॅग म्हणजे कमिटला (कोडच्या एका नोंदीला) दिलेलं नाव, ते दुसऱ्या कमिटवर हलवता येतं. मार्च 2025 मध्ये टीजे-ॲक्शन्सच्या ‘चेंज्ड-फाइल्स’चे टॅग हल्लेखोराने घातक कमिटकडे वळवले, ती ॲक्शन 23,000 हून अधिक रेपोंत (कोडच्या साठ्यांत) होती. रनरच्या (वर्कफ्लो चालवणाऱ्या मशीनच्या) मेमरीतली सीक्रेट्स, म्हणजे टोकन आणि पासवर्ड, बिल्डच्या लॉगमध्ये छापली गेली. त्या कमिटवर लेखक म्हणून नाव होतं रिनोव्हेट बॉटचं, अर्थात खोटं.

म्हणून टॅगऐवजी कमिटचा 40 अक्षरी पूर्ण हॅश (त्या कमिटची न हलणारी ओळख) लिहावा, शेजारी कॉमेंटमध्ये व्हर्जन. डिपेन्डाबॉट दोन्ही बदलतो. त्याच्या कॉन्फिगमध्ये ‘गिटहब-ॲक्शन्स’ वेगळं नोंदवावं लागतं, नुसतं ‘एनपीएम’ पुरत नाही. तपासणीची वेळ सकाळी 9 ची दिली आणि टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ लिहायचा राहिला, तर पुल रिक्वेस्ट दुपारी अडीचला येतात. 2025 मध्ये आलेला ‘कूलडाउन’ (नवं व्हर्जन आल्यावर थांबायचा काळ) आम्ही 7 दिवसांचा ठेवायला सांगू: घातक रिलीज बहुधा त्याआधीच पकडलं जातं, आणि सिक्युरिटी अपडेट त्यात अडकत नाहीत.

बॉटच्या पुल रिक्वेस्टवर बिल्ड लाल झाला, तर आधी सीक्रेट्स बघा. 2021 पासून अशा रनला नेहमीची सीक्रेट्स मिळत नाहीत. खासगी रजिस्ट्रीसाठी डिपेन्डाबॉटच्या वेगळ्या सीक्रेट्समध्ये फक्त वाचण्यापुरतं टोकन ठेवावं. डिप्लॉयची चावी तिथे मुळीच नको.