मीक, जो

मीक, जो : (५ एप्रिल १९२९ – ३ फेब्रुवारी १९६७). ब्रिटिश पॉप ध्वनिमुद्रिका-निर्माता, ध्वनिमुद्रक व गीतकार. मूळ नाव रॉबर्ट जॉर्ज मीक. जन्म इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यातील न्यूएंट येथे. रेडिओ व ग्रामोफोन खोलून पुन्हा जोडण्याचा नाद त्याला लहानपणापासून होता. सक्तीच्या लष्करी सेवेत शाही हवाई दलात त्याने रडारवर काम केले, नंतर मिडलंड्स वीज मंडळात नोकरी केली. १९५०–६० या दशकाच्या मध्यास तो लंडनच्या आयबीसी या स्टुडिओत ध्वनिमुद्रक म्हणून लागला.

आयबीसीतील त्याच्या कामाचा ठळक नमुना म्हणजे जॅझ वादक हम्फ्री लिटल्टनच्या वाद्यवृंदाची ‘बॅड पेनी ब्लूज’ (१९५६) ही तबकडी. तीत पियानोतील डाव्या हाताचे खर्जाचे स्वर मीकने कॉम्प्रेसरने (आवाजातील चढउतार कमी करणाऱ्या यंत्राने) दाबून पुढे आणले. लिटल्टनला हा प्रकार रुचला नाही. तबकडी मात्र ब्रिटनमध्ये खपाच्या यादीत पहिल्या विसांत गेली. आवाजाची पातळी मापकाच्या लाल खुणेपलीकडे जाऊ द्यायची नाही, हा त्या वेळच्या स्टुडिओंचा दंडक होता आणि मीक तो सर्रास मोडी. मायक्रोफोन वाद्याच्या अगदी जवळ ठेवणे, विजेच्या गिटारचा आवाज थेट मुद्रणयंत्रात घेणे, फितीचा वेग बदलून गायकाचा स्वर चढवणे या त्याच्या नेहमीच्या रीती. प्रतिध्वनीसाठी त्याने बिघडलेल्या विजेच्या शेगडीतील स्प्रिंग वापरली, असे बहुतेक चरित्रकार सांगतात.

ब्रिटनमधील पहिला स्वतंत्र निर्माता असा त्याचा उल्लेख वारंवार होतो. तो जसाच्या तसा स्वीकारणे अवघड आहे. मोठ्या कंपन्यांच्या पगारी अधिकाऱ्यांना वगळून स्वतःच्या खर्चाने मुद्रण करायचे आणि तयार फीत कंपनीला भाडेकराराने द्यायची, ही पद्धत डेनिस प्रेस्टन मीकच्या आधीपासून राबवत होता. ‘बॅड पेनी ब्लूज’चा निर्माताही प्रेस्टनच, आणि पुढे त्याच्याच लॅन्सडाउन स्टुडिओत मीक १९५९ पर्यंत नोकरीस होता. स्टुडिओलाच वाद्य मानण्याची कल्पनाही अमेरिकेत गिटारवादक लेस पॉलने १९४८ पासून रूढ केली होती. त्यामुळे अग्रमान प्रेस्टनकडे जातो. मात्र गाणे रचणे, गट जमवणे, मुद्रण, फीत-जोडणी आणि विक्रीचा करार ही सर्व कामे एकहाती, तीही पॉप संगीतात आणि राहत्या घरी करणारा मीक हाच पहिला ठळक ब्रिटिश निर्माता, हे मत जास्त ग्राह्य वाटते.

१९६० मध्ये विल्यम बॅरिंग्टन-कूप याच्यासह त्याने ट्रायम्फ ही छोटी कंपनी काढली. (जॉइस हॅटो या पियानोवादिकेच्या नावावर इतरांची मुद्रणे खपवल्याचे प्रकरण २००७ मध्ये उघड झाले, त्यातला बॅरिंग्टन-कूप हाच.) मायकेल कॉक्सचे ‘अँजेला जोन्स’ पहिल्या दहांत पोहोचले, पण मागणीइतक्या तबकड्या दाबून घेणे कंपनीला जमले नाही. त्यानंतर मेजर विल्फ्रेड अलोन्झो बँक्स या व्यापाऱ्याच्या भांडवलावर आरजीएम साउंड ही संस्था निघाली. उत्तर लंडनमध्ये ३०४ हॉलोवे रोड येथे चामड्याच्या सामानाच्या दुकानावरचे मजले भाड्याने घेऊन तेथे स्टुडिओ थाटण्यात आला. जॉन लेटनचे ‘जॉनी रिमेंबर मी’ (१९६१) येथेच मुद्रित होऊन अग्रक्रमी गेले. त्याचा गीतकार जेफ गॉडार्ड. हनीकोम्ब्स गटाच्या ‘हॅव आय द राइट’ (१९६४) या गीतातील धपधप ठेका लाकडी जिन्यावर पाय आपटून मिळवला आहे. त्यासाठी सायकलस्वार विजारीला लावतात त्या क्लिपांनी मायक्रोफोन जिन्याच्या कठड्याला अडकवले होते.

मीकला स्वरलेखन येत नव्हते. दुसऱ्याच गाण्याच्या तयार साथीवर तो आपली चाल बेसूर गाऊन मुद्रित करी आणि साहाय्यकांनी त्यातून मूळ सूर शोधून काढावा, अशी पद्धत होती.

‘टेलस्टार’ : १० जुलै १९६२ रोजी सोडलेल्या टेलस्टार उपग्रहाने अटलांटिकपार चित्रे पाठवली, त्यावरून मीकला ही वाद्यरचना सुचली. टॉर्नेडोज गटाने साथ मुद्रित केली आणि गट ग्रेट यार्मथच्या कार्यक्रमांसाठी परतल्यावर मुख्य सुरावट गॉडार्डने वेगळी वाजवून तीवर चढवली. त्याच वर्षी ही तबकडी ब्रिटनमध्ये व डिसेंबरात अमेरिकेत अग्रस्थानी गेली. अमेरिकेत तो मान मिळवणारा हा पहिला ब्रिटिश गट होय. मुख्य सुरावटीचे वाद्य कोणते, याविषयी मतभेद आहे. बहुतेक जण क्लॅव्हियोलिन (विजेवर चालणारे छोटे स्वरपट्टीवाद्य) म्हणतात, काही जण जेनिंग्स या कंपनीचे युनिव्हॉक्स. दोन्ही वाद्ये एकाच जातीची, एका वेळी एकच स्वर काढणारी असल्याने केवळ कानाने निवाडा करणे धाडसाचे ठरेल. क्लॅव्हियोलिनचे पारडे मात्र जड आहे. हेच वाद्य मुंबईच्या चित्रपटसंगीतात आठ वर्षे आधी गाजले होते. ‘नागिन’ (१९५४) मधील पुंगीचा आवाज कल्याणजी वीरजी शहा यांनी त्यावरच काढला. आरंभीचा अग्निबाणासारखा घरघराट शौचालयातील पाण्याची फीत उलटी फिरवून केला, ही कथा लोकप्रिय असली तरी तिला कथेपेक्षा अधिक वजन देण्याचे कारण नाही.

फ्रेंच संगीतकार झाँ लेद्रू याने ‘टेलस्टार’ची चाल मीकने आपल्या ‘ऑस्टरलिट्झ’ या चित्रपटाच्या (१९६०) संगीतातून उचलल्याचा दावा १९६३ मध्ये लावला आणि मीकचे मानधन अडकून पडले. निकाल मीकच्या बाजूने लागला, परंतु त्याच्या मृत्यूनंतर.

१९६३ च्या अखेरीस समलैंगिक वर्तनाच्या आरोपावरून त्याला अटक होऊन दंड झाला. इंग्लंडमध्ये हे वर्तन तेव्हा गुन्हा होते, कायदा १९६७ च्या जुलैत सैल झाला. बातमी छापून आल्यावर त्याला खंडणीच्या धमक्या येऊ लागल्याचे सांगतात. बीटल्ससारख्या बीट गटांच्या लाटेत त्याची मागणी घटली, कर्ज वाढले, प्रतिस्पर्धी आपल्या खोल्यांत चोरून ऐकणारी यंत्रे बसवतात हा संशय बळावला. ३ फेब्रुवारी १९६७ रोजी त्याने घरमालकीण व्हायोलेट शेंटन यांना गोळी घालून ठार केले व नंतर आत्महत्या केली. बंदूक टॉर्नेडोजचा माजी वादक हाइन्झ बर्ट याची होती. अमेरिकन गायक बडी हॉली याचा मृत्यूही ३ फेब्रुवारीचाच (१९५९) आणि मीकला हॉलीचे वेड होते. त्यावरून परलोकविद्येचे बरेच लेखन झाले आहे. ते येथे विचारात घेतलेले नाही.

अवकाशातील जीवनाची कल्पना ध्वनीत उतरवणारी त्याची ‘आय हिअर अ न्यू वर्ल्ड’ (१९६०) ही मालिका त्याच्या हयातीत अंशतःच निघाली; संपूर्ण रूपात ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. स्टुडिओत चहाच्या खोक्यांत भरलेल्या सुमारे १,८५० फिती क्लिफ कूपर याने विकत घेतल्या होत्या. हाच पुढे ऑरेंज या ध्वनिवर्धक कंपनीचा संस्थापक झाला. २०२० मध्ये चेरी रेड या कंपनीने त्या घेतल्या आणि त्यांतून संकलने काढण्यास सुरुवात केली.