मधुमेही रुग्णाचे शिक्षण (रुग्णालयातून घरी जाताना)

दाखल झालेल्या मधुमेही रुग्णाला व त्याच्या घरच्यांना औषध, इन्सुलिन, आहार आणि पायांची निगा शिकवणे, आणि सुट्टी झाल्यावर उपचार खंडित होणार नाहीत याची तजवीज करणे. ‘शुगर’ असल्याचे अनेकांना कळते तेच पायाची जखम चिघळून भरती झाल्यावर. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय किंवा अंबाजोगाई, लातूर, नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत लांबच्या खेड्यांतून माणसे येतात. त्यामुळे जे शिकवायचे ते वॉर्डातच, आणि पहिल्या दिवसापासून. सुट्टीच्या कागदासोबत घाईने सांगितलेले गेटपर्यंतही टिकत नाही.

शिकवायचे कोणाला, हेही आधी ठरवावे लागते. आजोबांच्या हाती आहारतक्ता दिला तरी भाकरी थापणारी सून गावाकडे असते. ज्वारी चालते म्हणून चार-चार भाकरी खाणारे पुष्कळ. साखर भाकरीनेही वाढते, प्रश्न किती खाल्ली याचा असतो. उपवासाच्या साबुदाण्याचे तेच.

सर्वांत जास्त वेळ इन्सुलिनला द्यावा लागतो. भारतात दर मिलीलिटरला 40 आणि 100 युनिट अशा दोन्ही ताकदींच्या कुपी मिळतात. 40 साठी लाल टोपणाची सिरिंज, 100 साठी नारिंगी. 100 ची कुपी लाल सिरिंजने भरली तर अडीचपट मात्रा जाते. म्हणून ‘समजलं का?’ विचारून भागत नाही, कारण ‘हो’ सगळेच म्हणतात. ‘आजी, आता तुम्ही भरून दाखवा बरं,’ असे म्हणणारी सिस्टर खरी शिकवते.

न उघडलेली कुपी 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवतात. वापरातली साधारण चार आठवडे 25 ते 30 अंशांपर्यंत चालते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा फ्रिज नसलेल्या घरात लहान मडके मोठ्या मडक्यात ठेवून मधल्या फटीत ओली वाळू भरतात आणि कुपी डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवतात. गोठलेले इन्सुलिन मात्र फेकूनच द्यावे.

घाम, थरथर, एकदम भूक ही साखर उतरल्याची लक्षणे. रक्तातली साखर दर डेसिलिटरला 70 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा तपासावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. तडक दवाखाना गाठावा.

घरी गेल्यावरचा नेहमीचा घोटाळा गोळ्यांचा. वॉर्डात बंद केलेल्या गोळ्यांची जुनी पाकिटे घरी असतातच, आणि नव्यांच्या जोडीला तीही सुरू होतात. सुट्टीपूर्वी घरची पिशवी मागवून काय चालू, काय बंद, हे कार्डावर मराठीत लिहून देणे एवढाच त्यावर इलाज.

कोजागरीला तुळजापूरला अनवाणी चालत जाणाऱ्यांना पायांच्या बधिरपणाबद्दल, म्हणजे मधुमेहात पाय बधिर झाले की जखम झालेली कळतच नाही हे, स्पष्ट सांगावे लागते. नवस चपला घालूनही फेडता येतो, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी म्हटले तर पटते. बीडकडचे ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्या कार्डावर ‘15 दिवसांनी दाखवा’ लिहून उपयोग नाही. कोणत्या कारखान्यावर जाणार ते विचारून तिथल्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे नाव लिहावे, शक्य तितका औषधसाठा सोबत द्यावा आणि गावच्या आशाताईंना कळवावे.