बिनविस्तवाचा स्वयंपाक (बालशिक्षण)

साधारण तीन ते आठ वर्षांच्या मुलांना चूल, गॅस किंवा ओटा न वापरता खरे, खाण्याजोगे पदार्थ स्वतःच्या हातांनी करायला शिकवण्याची पद्धत. शाळांच्या सूचनाफलकावर ती ‘विनाअग्नी पाककला’ किंवा ‘बिनागॅसचे पदार्थ’ या नावांनी दिसते. बालवाडी, पाळणाघर, उन्हाळी शिबिर, घरातली बैठकीची खोली, कुठेही ती चालते; स्वयंपाकघर लागत नाही. निवडणे, सोलणे, कुस्करणे, भिजवणे, गाळणे, घुसळणे, कालवणे आणि वळणे एवढ्या क्रियांवर सगळे काम भागते. मराठी घरात याच क्रियांवर उभे असलेले पदार्थ भरपूर आहेत: कोशिंबीर, शिक्रण, ताक, भेळ, दडपे पोहे, गोपाळकाला, खिरापत, लिंबाचे सरबत. त्यामुळे मुलांसाठी म्हणून वेगळे काही शोधून काढायची गरज पडत नाही. घरातली मोठी माणसे जे खातात, तेच मूल करते.

मुलाला स्वयंपाकाची ओढ असतेच. कणीक मळताना ते गोळा मागते, मटार सोलताना शेजारी येऊन बसते, आणि बहुतेक वेळा ‘लुडबुड करू नको’ हे ऐकून परत जाते. या पद्धतीत त्या लुडबुडीलाच कामाचा दर्जा मिळतो.

भातुकलीपासून बालवाडीपर्यंत

मराठी मुलींची भातुकली हे याचे जुने रूप. पितळेची बोटभर पातेली, इवलासा खलबत्ता, जाते, परात, झारा असा सगळा संसार मांडायचा आणि डाळे, चुरमुरे, गूळ, शेंगदाणे यांचा ‘स्वयंपाक’ करून पाहुण्यांना वाढायचा. यात खोटा-खोटा भाग होताच, पण गुळाचा खडा खरा असे आणि तो सगळ्यांना पुरेल असा फोडावा लागे. उणीव एकच, आणि ती मोठी होती: हा खेळ मुलींचा मानला गेला. मुलगे पाहुणे म्हणून येत आणि खाऊन जात.

शिक्षणात या कामांना मानाचे स्थान मिळवून दिले ते इटलीच्या डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरी यांनी. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह सुरू झाले. पाणी ओतणे, भांडी उचलून नेणे, टेबल मांडणे, वाढणे ही कामे तिथे मुले करत, आणि तीही खऱ्या भांड्यांनी. हा विचार भारतात लवकर पोहोचला. गुजराती बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक त्यांना तिथे येऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभे केले. त्यात अनुताई वाघ सामील झाल्या आणि १९५७ पासून डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर ते काम वाढत गेले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. इमारत आणि महागडी साधने यांच्यावाचून, परिसरात मिळेल त्या वस्तूंवर बालशिक्षण उभे राहते, हे कोसबाडने दाखवून दिले. अंगणात शाळा भरू शकते, तर अंगणात कोशिंबीरही होऊ शकते.

महात्मा गांधींनी मांडलेल्या, वर्धा-सेवाग्रामच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीत (१९३७ पासून) शरीरश्रमाला शिक्षणाचे माध्यम मानले गेले. स्वयंपाक, सफाई आणि शेती यांच्यातूनच तिथे गणित आणि भाषा शिकवली जाई. म्हणजे स्वयंपाक हा ‘छंदवर्गा’चा विषय नव्हता.

परात, पाट आणि हात

ओट्याची उंची साधारण ८० ते ८५ सेंटिमीटर असते, तर तीन वर्षांचे मूल ९५ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे ओटा त्याच्या गळ्याशी येतो. स्टुलावर उभे केले तर अर्धे लक्ष तोल सांभाळण्यात जाते. त्यापेक्षा जमीन बरी. सतरंजीवर एक पाट आणि त्यापुढे एक मोठी परात ठेवली की मुलाचे स्वयंपाकघर तयार झाले. सांडलेले परातीच्या कडेच्या आतच राहते, आणि ते गोळा करून पुन्हा वापरता येते. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या आज्या जमिनीवर बसूनच निवडत-टिपत आल्या. ती बैठक लहान मुलाच्या शरीराला नेमकी जुळते.

मापेही हातातलीच असावीत. चिमूट, मूठ, ओंजळ आणि पसा ही मराठीतली मापे मुलाला जन्मतः मिळालेली आहेत. चिमूटभर मीठ उचलताना अंगठा, तर्जनी आणि मधले बोट एकत्र येतात, आणि पुढे पेन्सिल धरायची असते तीही याच तीन बोटांनी. शिवाय मुलाच्या चार चिमटी मीठ घातले तरी मोठ्याच्या दोन चिमटींइतके होत नाही, हे चाखून कळते. असे कळलेले प्रमाण विसरत नाही.

लिंबाचे सरबत हा सुरुवातीचा चांगला पदार्थ. चार वर्षांच्या मुलाला अख्खे लिंबू पिळणे जमत नाही. त्याला ते पाटावर ठेवून तळव्याखाली दाबत गोल फिरवायला सांगावे. लिंबू मऊ पडते, मग मोठ्याने कापून दिलेली फोड दोन्ही हातांनी दाबली की रस येतो. एखादी बी पाण्यात पडते. ती चमच्याने पकडताना निसटते, पुन्हा निसटते, मूल श्वास रोखून वाटीवर वाकते. त्या वेळी शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाचा हात आपोआप पुढे जातो. तो मागे घ्यावा. बी बाहेर काढल्यावर मूल जो चेहरा वर करते, तो बघायला मिळणे हीच शिकवणाऱ्याची कमाई.

शिकवण्याची रीतही यातूनच ठरते. मोठ्याने एकदा सावकाश करून दाखवायचे, तेही शक्यतो न बोलता, कारण हात आणि तोंड एकदम चालू असले की मुलाला दोन्हींकडे पाहता येत नाही. नंतर काम त्याच्या हाती सोपवायचे. काकडीचे तुकडे वेडेवाकडे आले तर ते नीट करून घेऊ नयेत. आईने रात्री सजवून दिलेली बिस्किटांची उतरंड मुलाने स्पर्धेच्या टेबलावर नुसती ठेवायची, असे प्रकार अनेक ठिकाणी होतात. त्यात मुलाच्या हाताला काहीच मिळत नाही, आणि पहिला क्रमांक आला तरी ते त्याला आतून ठाऊक असते.

काला आणि दडपे पोहे

गोपाळकाला हा तर मुळातच स्वयंपाकघर नसलेला पदार्थ. गुरे राखायला गेलेल्या सवंगड्यांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या, ही त्यामागची कृष्णकथा. आषाढी वारीची सांगता पौर्णिमेला पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात काल्यानेच होते. बालवाडीत दहीहंडीच्या सुमारास काला करताना प्रत्येक मुलाने घरून एकेक जिन्नस आणावा: पोहे, ज्वारीच्या लाह्या, दही, काकडी, भिजवलेली हरभराडाळ, डाळिंबाचे दाणे. सगळे एकाच पातेल्यात रिकामे करायचे. कोणाच्या डब्यातले काय हे नंतर ओळखता येत नाही, आणि काल्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

दडप्या पोह्यांत थांबण्याचा धडा आहे. पातळ पोह्यांवर ओले खोबरे, बारीक काकडी, लिंबू, मीठ, साखर आणि थोडे नारळाचे पाणी घालून हलक्या हाताने कालवायचे, झाकण ठेवून वर वजन ठेवायचे. पंधरा-वीस मिनिटांनी झाकण काढले की मघाचे कुरकुरीत पोहे मऊ झालेले असतात. मुले मध्येच तीनदा झाकण उचलून बघतात. बघू द्यावे, काय बदलते आहे ते त्यांना तेव्हाच दिसते.

इथे एक प्रश्न हमखास निघतो, आणि नाही निघाला तर काढावा: हे पोहे न शिजवता कसे खाता येतात? साळ भिजवून, भाजून, चेपून पोहे होतात. चुरमुरे भट्टीवर तापलेल्या वाळूत फुलतात. शेंगदाणे आणि डाळे भाजलेले, गूळ गुऱ्हाळात उसाचा रस आटवून केलेला, दहीही तापवलेल्या दुधाचे. विस्तव होताच, तो दुसऱ्या कोणाच्या तरी हाताखाली होता. भडभुंज्याचे आणि गुऱ्हाळातल्या माणसांचे श्रम मुलांना कळतात ते असे, त्यांच्याच घासातून.

काळजी

विळी लहान मुलांना देऊ नये. केळे आणि उकडलेला बटाटा कापायला बोथट, गोल टोकाची सुरी पुरते. तुकडा आधी सपाट बाजूवर टेकवून ठेवायला शिकवावे, म्हणजे तो घरंगळत नाही. हिरवी मिरची मोठ्यांनीच हाताळावी, कारण मिरचीचा हात डोळ्याला लागायला वेळ लागत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे खायला देऊ नयेत, ते घशात अडकू शकतात. त्यांना कूट द्यावे, द्राक्षे उभी चिरून द्यावीत. शेंगदाणे, दूध किंवा तीळ कोणाला सोसत नाहीत का, हे पालकांना आधीच विचारावे. मोडाची कच्ची कडधान्ये लहानांसाठी वाफवूनच आणावीत. दही-दूध घातलेला पदार्थ दोन तासांत संपवावा, आणि वैशाखातल्या उन्हाळ्यात तासाभरात. सुरुवातीला हात धुणे आणि शेवटी वाट्या विसळून पालथ्या घालणे हा याच कामाचा भाग आहे. विसळायचे काम मोठ्यांवर सोडले की मुलाने अर्धाच स्वयंपाक केलेला असतो.

विस्तवाजवळ

शेगडीजवळ कोणत्या वयात न्यावे याचे ठरीव उत्तर देता येत नाही. घाई न करता काम करणे, ‘थांब’ म्हटल्यावर खरोखर थांबणे, सांडले तर घाबरून न पळता फडके आणणे, हे दिसू लागले की मूल तयार होत आले असे समजावे. पहिल्या दिवशी त्याने फक्त दूर उभे राहायचे. दडपे पोहे त्याने कालवलेले असतात. मोठे माणूस कढल्यात तेल तापवते, मोहरी टाकते, ती तडतडते, हिंग-हळदीचा वास सुटतो, आणि ती फोडणी त्याच्या परातीत चर्रकन ओतली जाते.