शून्य दराची निर्यात आणि अडकून पडणारा परतावा

मूल्यवर्धित कराच्या, म्हणजे व्हॅटच्या, कायद्यात निर्यातीला शून्य दर लावतात, तेव्हा दोन गोष्टी एकदम घडायला हव्यात. परदेशी ग्राहकाच्या बिलावर कर लागत नाही, ही पहिली. माल तयार करताना कच्च्या मालावर, विजेवर, वाहतुकीवर निर्यातदाराने जो कर भरला तो सरकार त्याला परत करतं, ही दुसरी. करमाफ विक्रीत पहिली गोष्ट असते, दुसरी नसते, म्हणून खरेदीवरचा कर विक्रेत्याच्या अंगावर पडतो. शून्य दराचं सगळं मर्म या दुसऱ्या भागात आहे.

हिशेब साधा आहे. ६०० रुपयांची खरेदी, त्यावर १० टक्क्यांनी ६० रुपये कर. तयार माल १००० रुपयांना परदेशी विकला, त्यावर कर शून्य. शून्यातून ६० वजा केले की उणे ६० उरतात, आणि ते सरकारने रोखीने द्यायचे असतात. हाच माल देशात विकला असता तर १०० रुपये करातून ६० वळते झाले असते आणि कुणाकडे अर्ज करावा लागला नसता. परताव्याचा इतिहास या उणे आकड्याचा आहे. तो तत्त्व म्हणून बहुतेक सगळ्यांनी मान्य केला. निर्यातदाराच्या खात्यात वेळेवर जमा करायची वेळ आली की मात्र अनेक सरकारांचा हात आखडला.

मूळ कल्पना या करापेक्षा बरीच जुनी आहे. आयात मालावर घेतलेली जकात तो माल पुन्हा बाहेर गेला की परत करायची, याला ड्रॉबॅक म्हणत. १७७६ साली अ‍ॅडम स्मिथने व्यापाराला दिल्या जाणाऱ्या उत्तेजनांत ड्रॉबॅक सर्वांत वाजवी ठरवला. त्याच्या मते यात निर्यातीला फुगवणारं काही नव्हतं; करामुळे बिघडलेला व्यापाराचा नैसर्गिक तोल तेवढा सावरला जात होता. आजही परताव्याच्या बाजूने याहून चांगला युक्तिवाद मला माहीत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या खर्चाने युरोपातली सरकारं उलाढाल कराकडे वळली. जर्मनीत १९१८ मध्ये आणि फ्रान्समध्ये १९२० मध्ये असा कर आला. माल जितक्या वेळा हात बदलेल तितक्या वेळा पूर्ण किमतीवर कर, आणि आधी भरलेला कर वजा करायची सोय नाही. त्यामुळे करावर कर चढत जाई. एका कापडात सुताचा, रंगाचा, यंत्राचा मिळून किती कर दडला आहे, हे गिरणीमालकालाही सांगता येत नसे. सूत ते कापड सगळं एकाच कंपनीत होत असेल तर कर कमी, पाच कंपन्यांतून जात असेल तर जास्त. मग निर्यातीवर परत करायचा तो किती? सरकारं सरासरी दर ठरवत. सरासरी जरा वर धरली की परताव्याच्या आडून अनुदान मिळे, खाली धरली की आपलाच निर्यातदार मार खाई, आणि शेजारी देशाला दोन्हींतला फरक सिद्ध करता येत नसे.

हा संशय १९५३ मध्ये उघड भांडणापर्यंत गेला. युरोपियन कोळसा आणि पोलाद समुदायाची पोलादाची सामायिक बाजारपेठ खुली होत होती. फ्रान्स आपल्या पोलादावरचा बराच मोठा कर निर्यातीवर परत करत होता, जर्मनीचा परतावा त्या मानाने थोडा होता. जर्मन कारखानदारांनी तक्रार केली. अर्थतज्ज्ञ यान टिनबर्गेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिचं उत्तर असं होतं की सर्व वस्तूंवर सारखा कर असेल, तर तो माल बनतो त्या देशात घ्या किंवा खपतो त्या देशात, दीर्घकाळात विनिमय दर फरक भरून काढतील. माल खपतो तिथे कर घ्यायची पद्धत तेव्हा रूढ होती आणि ती तशीच राहिली. शून्य दराचा सगळा डोलारा आजही या गंतव्य तत्त्वावर उभा आहे.

जागतिक व्यापाराच्या नियमांनीही तोवर हे तत्त्व मान्य केलं होतं. देशात खपणाऱ्या मालावर लागणारा कर निर्यात मालावर माफ केला किंवा परत दिला तर ते अनुदान धरू नये, असं गॅट या जागतिक व्यापार करारात नमूद आहे. अट एकच: प्रत्यक्ष लागलेल्या करापेक्षा जास्त रक्कम परत देता येणार नाही. युरोपीय आर्थिक समुदाय स्थापन करणाऱ्या १९५७ च्या रोम करारातही हीच मर्यादा आली. नफ्यावरच्या प्रत्यक्ष कराला मात्र ही मुभा मिळाली नाही. अमेरिकेने १९७१ पासून निर्यात कंपन्यांना आयकरात सूट देण्याच्या एकामागून एक योजना आणल्या, त्या गॅटमध्ये आणि पुढे जागतिक व्यापार संघटनेत अडकल्या.

जास्त परत देऊ नका म्हणायचं, तर लागलेला कर नेमका मोजता यायला हवा. उलाढाल करात ते शक्य नव्हतं, मूल्यवर्धित कराने ते शक्य केलं. विल्हेल्म फॉन सीमेन्स या जर्मन उद्योजकाने ही कल्पना पहिल्या महायुद्धानंतर मांडली होती. जपानमध्ये अमेरिकी अर्थतज्ज्ञ कार्ल शूप यांच्या शिफारशीवरून १९५० मध्ये कायदाही झाला, पण अंमल न होताच १९५४ मध्ये रद्द झाला. त्याच १९५४ मध्ये फ्रान्समध्ये मोरिस लोरे या कर अधिकाऱ्याच्या आराखड्यावर हा कर प्रत्यक्षात आला. प्रत्येक बिलावर कर वेगळा दाखवायचा आणि खरेदीवरचा कर विक्रीवरच्या करातून वजा करायचा. निर्यातदाराच्या खरेदी बिलांची बेरीज केली की परताव्याचा आकडा पैशापर्यंत कळू लागला. १९६२ मध्ये युरोपीय समुदायाने नेमलेल्या नॉयमार्क समितीने उलाढाल कर मोडीत काढायची शिफारस केली, त्यामागे सीमेवरच्या या अंदाजपंच्याचं मोठं कारण होतं. एप्रिल १९६७ मध्ये युरोपीय समुदायाच्या पहिल्या दोन निर्देशांनी मूल्यवर्धित कर सर्व सदस्यांवर बंधनकारक केला.

आकडा नेमका झाला तरी तो देण्याचा प्रश्न सुटला नाही. खुद्द फ्रान्समध्ये कितीतरी वर्षं असा नियम होता की खरेदीवरचा कर विक्रीवरच्या करापेक्षा जास्त झाला तर वरची रक्कम रोख मिळणार नाही, फक्त पुढच्या हिशेबात ओढायची. निर्यातदारांना त्यातून वाट काढून दिली होती, कर न भरता खरेदी करायची मुभा होती. बाकीच्यांसाठी हा नियम १९७२ मध्ये सैल होईपर्यंत थांबावं लागलं. जर्मनीने तर परताव्याचं तत्त्व काही काळ मुद्दाम वाकवलं. नोव्हेंबर १९६८ मध्ये मार्कचं मूल्य वाढवण्याचा दबाव होता. तो टाळण्यासाठी सरकारने निर्यातीवर ४ टक्के विशेष कर बसवला आणि आयातीला तेवढीच सूट दिली. वर्षभरात मार्क वधारावाच लागला आणि ही व्यवस्था गेली. सीमेवरचा कर म्हणजे चलनाला पर्यायी कळ, हे मात्र सगळ्यांच्या लक्षात आलं.

चीनने ती कळ सर्वांत सातत्याने फिरवली आहे. १९९४ च्या करसुधारणेनंतर तिथे पूर्ण परतावा सुरू झाला. बोगस दावे आणि थकबाकी वाढताच १९९५ आणि १९९६ मध्ये परताव्याचे दर कापले गेले. आशियाई आर्थिक संकटात, १९९८ मध्ये, ते पुन्हा वाढवले. डिसेंबर २०२४ पासून अ‍ॅल्युमिनियम आणि तांब्याच्या अनेक उत्पादनांवरचा परतावा बंद झाला. कर एका दराने घ्यायचा आणि परत कमी दराने द्यायचा, याचा अर्थ निर्यातीवर छुपा कर, आणि तो कोणत्या मालावर किती हे सरकारच्या मर्जीवर.

फिलिपाइन्सची गोष्ट वेगळी आणि जास्त त्रासदायक आहे. तिथे दर कमी केला नाही, वाट लांब केली. १९८८ मध्ये हा कर आला. शून्य दराच्या विक्रीवरचा दावा दोन वर्षांत करायचा, कर आयुक्तांना निर्णयासाठी १२० दिवस, नकार आला किंवा उत्तरच आलं नाही तर ३० दिवसांत कर न्यायालयात जायचं, अशी तरतूद होती. दोन वर्षांची मुदत संपत आली की अनेक कंपन्या १२० दिवस पूर्ण होण्याआधीच न्यायालयात धावत, आणि तशी प्रथा चालून गेली होती. ऑक्टोबर २०१० मध्ये आयची फोर्जिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२० आणि ३० दिवसांची मुदत सक्तीची ठरवली. लवकर आलेले दावे बाद होऊ लागले. २०१३ च्या सॅन रोके निकालाने थोडा दिलासा दिला: डिसेंबर २००३ मधल्या कर खात्याच्या एका अभिप्रायावर विसंबून, त्यानंतर २०१० च्या निकालापर्यंत लवकर आलेले दावे वाचवले. उशिरा आलेल्यांना दया नव्हती. माल खरोखर निर्यात झाला होता का, कर खरोखर भरला होता का, हे प्रश्न अशा खटल्यांत बाजूला पडले. तारखांवर पैसे गेले. २०१८ मध्ये १२० चे ९० दिवस झाले.

युक्रेनमध्ये थकबाकी एवढी साचली की २०१० मध्ये सरकारने निर्यातदारांना रोख रकमेऐवजी रोखे दिले. कुणाचा दावा आधी निकाली निघतो यावरून तिथे कायम संशय असे. २०१७ पासून सगळे दावे आल्या क्रमाने एका सार्वजनिक नोंदवहीत दिसू लागले. साधी वाटणारी ही सुधारणा मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची वाटते, कारण रांग दिसली की रांगेतून कुणाला पुढे काढता येत नाही.

सरकारांची भीती मात्र खोटी नाही. १९९३ मध्ये युरोपीय संघातल्या अंतर्गत सीमांवरची जकात तपासणी उठली. एका सदस्य देशातून दुसऱ्यात माल शून्य दराने जाई, आणि त्याचा साखळी-घोटाळ्यांनी फायदा घेतला. मोबाइल फोन, संगणकाच्या चिप्स असा लहान आणि महाग माल. एक कंपनी तो करमुक्त आणते, देशात कर लावून विकते आणि कर न भरता गायब होते. साखळीच्या टोकाची कंपनी तोच माल बाहेर पाठवून, कुणीच न भरलेल्या कराचा परतावा मागते. मग माल पुन्हा आत येतो. तिजोरीतून थेट पैसा जातो असा हा एकमेव मोठा अप्रत्यक्ष कर आहे, आणि अधिकाऱ्याला सही करताना हात थरथरतो त्याचं कारण हेच.

म्हणून तपासणी आणि विलंब यांत रेषा कुठे ओढायची, हा वाद न्यायालयांत गेला. १९९७ मध्ये बेल्जियमच्या मोलेनहाइड खटल्यात युरोपीय न्यायालयाने म्हटलं की फसवणुकीचा संशय असेल तर परतावा रोखून धरता येईल, पण तो उपाय प्रमाणात हवा आणि त्याविरुद्ध दाद मागता आली पाहिजे. २००६ च्या किटेल निकालाने दुसरी बाजू बांधली: आपण घोटाळ्याच्या साखळीत आहोत हे ज्याला माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं, त्याचा वजावटीचा हक्क जातो.

आता भर जोखमीनुसार वर्गवारीवर आहे. फिलिपाइन्सने २०२४ च्या कायद्याने दाव्यांचे कमी, मध्यम आणि जास्त जोखमीचे असे गट केले, म्हणजे जुन्या, नियमित निर्यातदाराचा प्रत्येक कागद पुन्हा उकरायला नको. युरोपीय संघाने मार्च २०२५ मध्ये मंजूर केलेल्या सुधारणांनुसार सदस्य देशांमधल्या व्यापारी व्यवहारांची बिलं जुलै २०३० पासून डिजिटल स्वरूपात आणि जवळपास लगेच कळवावी लागतील. विक्रेत्याने कर दाखवला की नाही हे खरेदीदाराचा दावा येण्याआधीच यंत्रणेला दिसेल. एवढी माहिती हाताशी असताना प्रामाणिक निर्यातदाराचे ६० रुपये महिनोन्‌महिने धरून ठेवायला फसवणुकीचं कारण पुरणार नाही. तेव्हाही उशीर झाला, तर तो तिजोरीच्या सोयीसाठी होतोय हे उघड असेल.