विद्यापीठं, वॉशिंग्टन आणि लॉबिंगचा खर्च : पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाने लॉबिंगवर, म्हणजे सरकारी निर्णय आपल्या बाजूने वळवण्याच्या खटपटीवर, अमुक लाख डॉलर खर्च केले, अशी बातमी येते तेव्हा तो आकडा बहुतेक वेळा एलडी-२ या फॉर्ममधून उचललेला असतो. तिमाही संपली की २० दिवसांत हा फॉर्म संसदेकडे भरावा लागतो, आणि खर्च जवळच्या १०,००० डॉलरपर्यंत पूर्ण करून लिहायचा असतो. आकडा खरा असतो, पण त्यावरून दोन विद्यापीठांची तुलना सहसा जमत नाही. का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

१८६२ च्या मॉरिल कायद्याने प्रत्येक राज्याला संसदेतल्या दर सदस्यामागे ३०,००० एकर जमीन दिली. ती विकून शेती आणि यंत्रविद्येची महाविद्यालयं उभी राहिली. संघराज्य सरकारकडून मिळण्यासारखं काही आहे म्हटल्यावर मागायला संघटनाही आल्या. १८८७ मध्ये या जमीन-अनुदानित महाविद्यालयांची संघटना झाली, १९०० मध्ये १४ विद्यापीठांनी ‘असोसिएशन ऑफ अमेरिकन युनिव्हर्सिटीज’ स्थापन केली आणि १९१८ मध्ये ‘अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन’ आली. दुसऱ्या महायुद्धानंतर संशोधनाचा पैसा प्रचंड वाढला, तरी मागणं सगळ्यांसाठी मिळून असायचं. १९७२ मध्ये मात्र संघटनांचा सपशेल पराभव झाला. सरकारी मदत थेट संस्थांना द्या, असं त्या म्हणत होत्या. सिनेटर क्लेबॉर्न पेल यांचा आग्रह होता की ती गरजू विद्यार्थ्याच्या हाती पडावी. पेल जिंकले. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तेच चांगलं झालं.

खरं वळण मात्र एका विद्यापीठाने घेतलं. आहारशास्त्रज्ञ जाँ मेयर १९७६ मध्ये टफ्ट्स विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. सिनेटच्या पोषणविषयक समितीतले दोन माजी कर्मचारी, केनेथ श्लॉसबर्ग आणि जेराल्ड कॅसिडी, यांनी नुकतीच सल्लागार कंपनी काढली होती. मेयर यांनी त्यांना नेमलं. बोस्टनमध्ये वृद्धत्व आणि पोषण यांवरचं केंद्र कृषी खात्याच्या पैशातून उभं राहिलं. कुठल्याही स्पर्धेत अर्ज न करता, केवळ अर्थसंकल्पातल्या एका ओळीतून इमारत मिळवता येते, हे इतरांनी पाहिलं. या ओळीलाच इअरमार्क म्हणतात.

१९८३ मध्ये कोलंबिया आणि कॅथलिक युनिव्हर्सिटी यांनी त्याच वाटेने प्रयोगशाळांसाठी पैसे मिळवले. दोन्ही विद्यापीठं १९०० च्या संघटनेची सदस्य होती, आणि त्याच संघटनेने त्या वर्षी ठराव करून विज्ञानाचे निर्णय राजकीय वजनावर होऊ नयेत असं बजावलं. ठराव कागदावरच राहिला. छोट्या संस्थांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. तज्ज्ञांच्या छाननीत आधीच सुसज्ज असलेल्यांना पुन्हा मिळतं आणि इमारतींसाठी तर कोणीच पैसे देत नाही, असं त्या म्हणत. पण हे कारण कोलंबियाला लागू होत नाही. प्रस्तावाच्या गुणवत्तेऐवजी वशिला चालू लागला, हे नुकसान मोठं होतं. २००३ पर्यंत विद्यापीठांचे इअरमार्क वर्षाला २ अब्ज डॉलरच्या घरात गेले.

कोणाला मिळतं, याचं उत्तर जॉन डी फिग्युरेडो आणि ब्रायन सिल्व्हरमन यांच्या अभ्यासात आहे. आपला सिनेटर विनियोजन समितीवर, म्हणजे सरकारी पैसा कुठे जाणार हे ठरवणाऱ्या समितीवर, असेल तर लॉबिंगच्या १ डॉलरमागे ११ ते १७ डॉलरचे इअरमार्क येत. प्रतिनिधीगृहाच्या विनियोजन समितीवर आपला माणूस असेल तर २० ते ३६. दोन्हीकडे कोणी नसेल तर जवळपास शून्य. म्हणजे अशा विद्यापीठाने कंपनी नेमणं हे पैसे पाण्यात घालणं होतं.

वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर रॉबर्ट बर्ड तेव्हा सिनेटच्या विनियोजन समितीचे अध्यक्ष होते. आपल्याच राज्यातल्या विद्यापीठाने, आपल्याकडून मिळू शकणाऱ्या पैशासाठी लॉबिंग कंपनी नेमली, हे कळल्यावर ते खवळले. १९८९ च्या बर्ड दुरुस्तीने सरकारी पैसा लॉबिंगला वापरायला मनाई केली. १,००,००० डॉलरवरच्या अनुदानासाठी तसं प्रमाणपत्र द्यावं लागतं, उल्लंघनाला मूळ कायद्यात १०,००० ते १,००,००० डॉलर दंड होता. व्यवहारात चूक होते ती ओव्हरहेडमध्ये, म्हणजे अनुदानाबरोबर सरकारकडून वसूल होणाऱ्या अप्रत्यक्ष खर्चात. वॉशिंग्टन कार्यालयाचं भाडं आणि पगार सामान्य प्रशासनाच्या खात्यात पडून राहिले, तर त्यांचा अंश ओव्हरहेडच्या दरातून सरकारलाच लागतो. म्हणून तो खर्च आधीच वेगळा काढावा लागतो.

१९९५ चा लॉबिंग खुलासा कायदा राज्य सरकारांच्या कर्मचाऱ्यांना सूट देतो, पण महाविद्यालयं आणि विद्यापीठं त्या सवलतीतून मुद्दाम वगळली आहेत. त्यामुळे सरकारी विद्यापीठांनाही नोंदणी करावी लागते. गफलत पुढे होते. करमुक्त संस्थेला हा खर्च मोजण्याच्या दोन रीतींमधून एक निवडता येते. एका रीतीत मंत्रालयातल्या अधिकाऱ्यांशी केलेलं ठरावीक लॉबिंग धरलं जातं. दुसरी आयकर कायद्याची व्याख्या वापरते. तिच्यात राज्यपातळीवरचं लॉबिंग येतं, पण नियम किंवा अनुदानाबद्दल खात्याशी झालेलं बोलणं बहुतांशी सुटतं. दुसरी चूक बेरजेची. समजा एका तिमाहीत कंपनीला ६०,००० डॉलर दिले, स्वतःच्या माणसांवर ९०,००० गेले, आणि संघटनेच्या वर्गणीतला लॉबिंगचा भाग १०,००० होता. विद्यापीठ १,६०,००० लिहिणार. कंपनीही आपल्या फॉर्मवर ६०,००० उत्पन्न दाखवणार. दोन्ही मिळवून २,२०,००० म्हणणं चुकीचं, कारण ते ६०,००० आधीच मोजलेले आहेत.

२०११ मध्ये इअरमार्क बंद झाले, २०२२ च्या अर्थसंकल्पात परतले. आता मागणी करणाऱ्या सदस्याचं नाव जाहीर होतं. मधल्या काळात लढाई करांकडे वळली होती. २०१७ च्या कायद्याने विद्यार्थ्यामागे ५,००,००० डॉलरपेक्षा जास्त साठवलेला निधी आणि किमान ५०० विद्यार्थी असलेल्या खाजगी संस्थांच्या गुंतवणुकीच्या उत्पन्नावर १.४ टक्के कर लावला. केंटकीतल्या बेरिया कॉलेजमध्ये शिकवणी फी नसतेच, म्हणून ते करातून सुटावं यासाठी ही किमान संख्या मोजताना ‘फी भरणारे’ विद्यार्थीच धरावेत अशी तरतूद होती. सिनेटच्या बर्ड नियमात, म्हणजे अर्थसंकल्पाशी थेट संबंध नसलेल्या तरतुदी अशा विधेयकातून गाळणाऱ्या, त्याच बर्ड यांच्या नावाच्या नियमात, ते शब्द बसले नाहीत आणि गळले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते दुसऱ्या कायद्यातून परत घातले गेले. केंटकीचे मिच मॅकॉनेल तेव्हा सिनेटचे बहुमतनेते होते. २०२५ मध्ये दर ८ टक्क्यांपर्यंत चढले, पण किमान विद्यार्थीसंख्या ५०० वरून ३,००० झाली आणि कित्येक श्रीमंत छोटी महाविद्यालयं करातून बाहेर पडली.